मु॥ सतवास

माझ्या टायपिंगच्या दुकानात गल्ल्याच्या टेबलावर जी काच आहे, तिच्याखाली एक कागद ठेवलेला आहे. वीतभर रुंद, घडीवर विरलेला, शाई तपकिरी पडलेली. आजोबांच्या हातचा. ते होळकर सरकारच्या नेमावर जिल्ह्यात महसुलाकडे कारकून होते आणि घरचं सगळं लिहिणं मोडीत करायचे. हा कागद म्हणजे त्यांनी इंदूरच्या थोरल्या भावाला लिहिलेल्या पत्राची घरात राहिलेली प्रत. काम घेऊन येणाऱ्या माणसांना ती नक्षी वाटते. कोणी विचारतं, उर्दू आहे का. कोणी म्हणतं, मंत्र असेल.

गेल्या पावसाळ्यात भाची दुकानात बसायला लागली. टायपिंगची परीक्षा तिला द्यायची आहे, आणि हात चालतो चांगला. पहिल्या आठवड्यात तिनं काच पुसता पुसता विचारलं, "मावशी, ही पहिली ओळ काय आहे गं?"

मी वाचून दाखवलं : मु॥ सतवास.

"आणि पुढे?"

"शि. सा. न. वि. वि."

"म्हणजे काय?"

"शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजोबांकडे पण शॉर्टकट होते."

होते. तिनं सहज म्हटलेल्या त्या वाक्यावरून हे लिहायला बसले आहे. आमच्या धंद्यात येणारी मुलं पहिल्या दिवशी एकच मागतात : लवकर कसं करायचं ते सांगा. कंट्रोल सी, कंट्रोल व्ही त्यांना येतंच. त्यापुढचं हवं असतं. मला वाटतं, त्यांना बोटं कुठे ठेवायची हे सांगण्याआधी हा कागद दाखवावा. लवकर लिहिण्याची विद्या संगणकाबरोबर आलेली नाही. आमच्या या मुलखात ती बोरूबरोबर आली होती.

मोडी कोणी काढली याबद्दल परंपरा हेमाद्रीचं, म्हणजे हेमाडपंताचं नाव घेते. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा हा मंत्री, तेराव्या शतकातला. जाणकारांचं यावर एकमत नाही, आणि एका माणसानं बसून लिपी काढली असेल असं मलाही वाटत नाही. पण लिपीचा हेतू अक्षरात स्पष्ट दिसतो. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सुटी सुटी लिहायची : अक्षर काढा, हात उचला, वर रेघ द्या. मोडीत कारकून आधी अख्ख्या ओळीची रेघ कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. एका अक्षराचा शेवट वर रेघेकडे जातो आणि तिथूनच पुढचं सुरू होतं. बोरू उचलायचा तो शाई संपली की. वेलांटी एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, उकारही एकच. बाळबोधातली निम्मी चिंता तिथंच गेली.

मी लहान असताना आजोबा म्हातारे झाले होते, पण हात तसाच होता. जमिनीवर बसून उजवा गुडघा उभा, त्यावर पाटी, पाटीवर कागद. 'करावे' हा शब्द ते लिहायचे तेव्हा हात तीन अक्षरांसाठी तीन वेळा हलत नसे; एकदाच, पाण्यात काठी ओढावी तसा, डावीकडून उजवीकडे जायचा. ओळ संपली की कागदावर बारीक वाळू भुरभुरवून ती परत डबीत झटकायचे. ती वाळू नर्मदेची होती, नेमावरच्या घाटावरून आणलेली. ते अगदी वेगात लिहायचे, पण घाईत कधीच नाही. हा फरक मला पुढे फार वर्षांनी, स्वतः चुका केल्यावर कळला.

लिपी झरझर चालते एवढ्यानं कारकुनाचं भागत नव्हतं. त्यानं शब्दही तोडले. मुक्कामाचं मु॥, परगण्याचं प॥, मौजेचं मौ॥. पत्राच्या मायन्यात रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री; ती. म्हणजे तीर्थरूप, वे. शा. सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. थोर माणसाला कृ. सा. न. वि. वि. म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, धाकट्याला अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. हिजरी महिन्याची तारीख लिहायची तर आकड्याआधी नुसता 'छ', म्हणजे चंद्र. त्या दोन उभ्या रेघांचा उपयोग दुहेरी होता. अक्षरापुढे आल्या तर 'शब्द इथे तोडला आहे, तुम्ही पुरा करून घ्या' असा अर्थ. हिशेबात आकड्यापुढे आल्या तर अर्धा : एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. वाचणाऱ्याला जागेवरून कळायचं.

ही यादी भाचीला पाठ करून घ्यायला लावली नाही मी. दाखवायचं होतं ते वेगळंच. या तोडलेल्या शब्दांत काय काय आहे ते पाहा. नमस्कार आहे, आशीर्वाद आहे, पदवी आहे, गावाच्या आधी येणारा 'मौजे' आहे. जे प्रत्येक कागदात येणारच, जे वाचणाऱ्याला न लिहिताही कळणारच, तेवढंच तोडलेलं आहे. आता न तोडलेलं काय ते पाहा. सन. पेशवाईतल्या आणि होळकरांच्या कागदांवर सुहूर सनाचं वर्ष अरबी शब्दांत पूर्ण लिहिलेलं सापडतं : सबैन मया व अलफ, म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, सन ११७०. आपल्या हिशेबानं १७६९-७०. महेश्वरला अहिल्याबाईंचा कारभार सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. 'छ' एका अक्षरात उरकणारा कारकून वर्षासाठी तीन-चार शब्द खर्च करतो. आकड्याच्या पुढे-मागे एखादी रेघ वाढवता येते. अख्खा शब्द बदलणं अवघड. जमिनीच्या कागदात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, ही चतुःसीमाही पुरी लिहायची. रकमेचं तसंच. मी आज शपथपत्रात आकड्यापुढे कंसात 'अक्षरी' रक्कम टाइप करते, ती त्याच शहाणपणाची चाल आहे.

आणखी एक. लांब कागद हवा असला की जुने लोक बंदाला बंद चिकटवत जात. कापणं आणि चिकटवणं हे आज पडद्यावर होतं, तेव्हा खळीनं व्हायचं. पण जोडावर मागच्या बाजूनं शिक्का मारायचे, अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला कागद कोणी काढला, दुसरा घातला, की शिक्का जुळणार नाही. मजकूर संपला तिथेही शिक्का, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू नये. चिकटवण्याची सोय वापरायची आणि त्याच हातानं तिला कुलूपही घालायचं. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

शिक्का आणि कागद म्हटलं की सतवासच्या माणसाला चितू पिंढारी आठवायलाच हवा. आमचं गाव विंध्याच्या खाली, नर्मदेच्या अलीकडे. मध्ये जंगल आणि खोंगळी. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात लिहिलं आहे की चितूचा तळ हंडियासमोरच्या नेमावरला असायचा आणि घरी असला की तो तिथे किंवा सतवासला राहायचा. १८१८ मध्ये पिंढाऱ्यांची मोड झाली. चितू नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांबरोबर काही काळ हिंडला, अशीरगडाच्या दारापर्यंत गेला, तिथे त्याला आसरा मिळाला नाही आणि १८१९ च्या सुरुवातीला एकटाच या कांटाफोडकडच्या रानात शिरला. तिथे त्याला वाघानं खाल्लं. घोडा जीन कसलेला तसाच चरताना सापडला. जिनात अडीचशे रुपये होते, काही शिक्क्याच्या अंगठ्या होत्या आणि आप्पासाहेबांची पत्रं होती, पुढं बक्षीस देऊ अशा वचनाची.

शाळेत ही गोष्ट आम्हाला वाघाची म्हणून सांगितली जायची. मला आता त्यातलं जीन जास्त दिसतं. हजारो स्वारांचा म्होरक्या, सगळं गेल्यावर त्यानं जवळ काय ठेवलं? थोडे पैसे, आपलं नाव उमटवणाऱ्या अंगठ्या, आणि दुसऱ्याच्या शब्दाचे कागद. अंगठी म्हणजे त्या काळातली सगळ्यात छोटी सही. एकदा दाबली की पूर्ण नाव, पूर्ण अधिकार. तहसिलीत आज लोक अंगठा लावायला येतात तेव्हा शाईची डबी पुढे करताना मला ते जीन आठवतं.

पुढे हा मुलूख होळकरांच्या नेमावर जिल्ह्यात आला. उत्तरेला घाटावर देवासला पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. पश्चिमेला धारचे पवार. या सगळ्या दरबारांत मराठी लिहिणारे कारकून दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. आमचं घराणं त्यांपैकीच एक. माळव्याची वही मात्र वेगळी होती. सावकार आपल्या मुडिया अक्षरात लिहायचे, त्यात तर काना-मात्राच नाहीत. 'काकाजी अजमेर गये' असं लिहिलेलं घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' असं वाचलं आणि रडारड सुरू झाली, ही गोष्ट इथं प्रत्येक म्हाताऱ्यानं सांगितलेली असते. आपल्याकडे 'ध चा मा' आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि लोकांनी त्याचं खापर एका अक्षरावर फोडलं : 'धरावे'चं कोणीतरी 'मारावे' केलं. खरं-खोटं इतिहासकार ठरवोत. पण अजमेरच्या निरोपातही वाचणारा चुकला आणि शनिवारवाड्यातही एक अक्षर बदललं, असं मानणारे हे लोक लेखणीला किती भीत होते ते दिसतं. ही भीती चांगली होती.

मोडीचं जाणं एका दिवसात झालं नाही. मुंबई इलाख्यानं २५ जुलै १९१७ रोजी कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध घ्यायचं ठरवलं; शाळांतून ती त्यानंतरही काही दशकं शिकवली गेली. आमच्याकडे हिंदीचं वजन वाढत होतं. इंदूरला १९१८ आणि १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलन भरलं, दोन्ही वेळा गांधीजी अध्यक्ष होते. १९४८ मध्ये संस्थानं मध्यभारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला आणि कचेरी हिंदीची झाली. आजोबांनी उतारवयात हिंदी अर्ज लिहायला घेतले. पण समास तोच, रेघ तीच, आणि पहिल्या ओळीत गावाच्या आधी मु॥. तो त्यांच्या हातातून गेला नाही.

इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. होळकरशाहीची साधनं वा. वा. ठाकुरांनी इंदूरला संपादित केली. त्या छापील पानांवर प॥, मौ॥, मु॥ तसेच ठेवलेले पाहून मला बरं वाटतं. छापणाऱ्यांनी कारकुनाच्या हाताला हात लावला नाही.

मी टायपिंग शिकले ते देवासला, हिंदी मशीनवर. १९५५ पासून गोदरेज भारतात टाइपरायटर बनवत होती. आमच्या क्लासात तशी सात-आठ यंत्रं एका खोलीत आणि खडखडाट असा की शिकवणाऱ्या बाई खडूनं फळ्यावर लिहूनच सूचना द्यायच्या. रेमिंग्टन पद्धतीच्या कळपाटाची मधली ओळ मला आजही झोपेत सांगता येईल : अनुस्वार, मात्रा, क, पहिली वेलांटी, ह, दुसरी वेलांटी, र, काना, स, य. बोटं जिथे विसावतात तिथे हिंदीत सगळ्यात जास्त लागणारी चिन्हं ठेवली आहेत. 'का', 'की', 'के', 'कर', 'सारा', 'हारे' हे सगळे ही ओळ न सोडता होतात. ज्यानं ही मांडणी केली त्यानं कुठेतरी बसून कोणतं अक्षर किती येतं हे मोजलं असणार. मोडीनं हाताचा प्रवास वाचवला, कळपाटानं बोटाचा.

आणि 'ळ'? तो 'ह'च्या कळीवर, शिफ्ट धरून. आहे, पण वर. हिंदीला तो लागत नाही, म्हणून हिंदी टायपिस्टाचं बोट आयुष्यात तिथे जात नाही. चार प्रतींसाठी कार्बन घालून टाइप करताना शिफ्ट धरणं करंगळीला जड जायचं, ते वेगळंच. अशानं माळव्यातल्या मराठी माणसांच्या नावातला ळ कागदावरून निघून गेला. होळकरचं होलकर झालं, काळेचं काले, फाळकेचं फालके. कोणी ठरवून केलं नाही. वेगात निसटलं. पण नाव हा मायना नव्हे. ते वाचणाऱ्यानं आपलं आपण पुरं करून घ्यायचं नसतं. जुन्या कारकुनानं 'राजमान्य राजश्री' तोडला, त्यापुढचं नाव तोडलं नाही.

माझ्याकडून घडलेली गोष्ट सांगते. संगणक घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. काळे आडनावाच्या एका कुटुंबाच्या वाटणीचा कागद होता, हिंदीत, अकरा पानांचा. मी सवयीनं सगळीकडे 'काले' टाइप केलं. घरातल्या आजी वाचायला बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आम्ही काले नाही, काळे आहोत." त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम. कंट्रोल एच दाबलं : 'काले' शोध, 'काळे' घाल, सगळीकडे. झालं. प्रिंट काढला, सह्या झाल्या. कचेरीत एका बाबूनं तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की अमुक वर्षी खात्यातून पैसे 'निकाळे' गेले. 'निकाले'च्या पोटातला 'काले'सुद्धा बदलला होता. पाच ठिकाणी. सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या, आणि एक भाऊ तोपर्यंत भोपाळला परत गेला होता. पूर्ण शब्दच शोधायचा, असा पर्याय त्याच खिडकीत असतो. मी त्यावर खूण केली नव्हती. त्या दिवसापासून 'सगळीकडे बदला' हे बटण मी दाबत नाही. एकेक शोधते, पाहते, बदलते.

कापणं-चिकटवणं आणलं ते लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. त्यांच्या जिप्सी नावाच्या प्रोग्रामवर प्रकाशन कचेरीतली माणसं काम करून पाहायची. कात्रीनं हस्तलिखित कापून डिंकानं चिकटवण्याची त्यांची रीत पाहून शब्द ठरले. टेस्लर २०२० मध्ये गेले. ती बातमी मी दुकानात वाचली आणि दिवसभर प्रत्येक कंट्रोल व्हीला त्यांची आठवण आली. झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा कळपाटाच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत; डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर टेकून उरलेली बोटं तिथे सहज पोचतात. पुन्हा तेच, बोटाचा प्रवास.

पण आमच्यासाठी, म्हणजे देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी, या युक्त्यांचा रस्ता सरळ नव्हता. आम्ही सगळे कृतिदेवावर होतो, अजूनही बरेच आहेत. कृतिदेव हा फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरावर चढवलेला देवनागरीचा मुखवटा. आपण डी दाबतो, आतमध्ये इंग्रजी डीच जातो, दिसतो मात्र 'क'. मोठा डी दाबला तर अर्धा क. लिहिण्याच्या प्रोग्रामला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या लेखी आपण इंग्रजी लिहितो आहोत. आणि इंग्रजीत वाक्याचं पहिलं अक्षर मोठं असतं, म्हणून तो आपणहून मोठं करून ठेवतो. त्यानं होतं काय, वाक्य 'कलेक्टर'नं सुरू झालं की कागदावर 'क्लेक्टर' येतं. आणि आमच्या गावाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आलं की 'सतवास'चं होतं 'स्तवास'. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं बोट चुकलं. खोडून पुन्हा टाइप केलं. स्पेस दाबली की पुन्हा स्तवास. दहा वेळा केलं असेल. शेवटी सेटिंगमधली ती खूण काढली. आता नवीन संगणक आला की मी पहिलं ते करते. शिफ्ट आणि एफ तीन ही इंग्रजीवाल्यांची आवडती युक्ती आहे, लहान-मोठी अक्षरं एका दाबात बदलणारी. कृतिदेवावर निवडलेल्या मजकुरावर ती दाबली तर एका क्षणात ओळीच्या ओळी अर्ध्या अक्षरांचा चुरा होतात. कंट्रोल झेड आहे म्हणून वाचतो.

कळपाटावर न मावलेली अक्षरं आल्ट धरून आकड्यांनी काढायची. 'क्र'साठी शून्य दोनशे सोळा, 'फ्र'साठी शून्य दोनशे एकवीस, चंद्रबिंदूसाठी शून्य एकशे एकसष्ट. आमच्या पिढीच्या टायपिस्टांनी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले. दुकानातल्या भिंतीवर माझ्या हस्ताक्षरात त्यांचा तक्ता होता, कडा तेलकट झालेला. युनिकोड आल्यावर तो लागेनासा झाला. मध्यप्रदेशात संगणक दक्षतेची जी परीक्षा होते तिथे मुलं आता युनिकोडवरच टाइप करतात. तक्ता मी फाडला नाही. आजोबांच्या कागदाच्या शेजारी काचेखाली सरकवून ठेवला आहे. दोन्ही एकाच जातीचे आहेत.

मला सगळ्यात प्रिय असलेली युक्ती मात्र मोडीच्या कारकुनाला दाखवली असती तर त्यानं लगेच ओळखली असती. ऑटोकरेक्ट. ते आणलं चुका सुधारायला, पण त्याला आपण आपले तोडलेले शब्द शिकवू शकतो. माझ्याकडे दिवसाला वीस-पंचवीस शपथपत्रं होतात. नामांतरण, फौती, बी-१ मधली दुरुस्ती. प्रत्येकात तीच वाक्यं. मी 'शप' टाइप करून स्पेस दाबते आणि 'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि' उभं राहतं. 'सत्या' म्हटलं की सत्यापनाचा पूर्ण परिच्छेद. 'जिदे' म्हटलं की 'तहसील सतवास, जिला देवास, मध्यप्रदेश'. फरक एवढाच, आजोबा तोडून लिहायचे आणि पुरं करण्याचं काम वाचणाऱ्यावर सोपवायचे; मी तोडून लिहिते आणि यंत्र तिथल्या तिथे पुरं करतं. त्यामुळे माझं तोडणं कोणाला दिसत नाही. पन्नास वर्षांनी माझा कागद कोणी पाहिला तर त्याला वाटेल, या बाईनं किती सावकाश, सगळं पूर्ण लिहिलं.

माणसाची नावं, सर्वे नंबर आणि रक्कम मी ऑटोकरेक्टला कधीही शिकवलेली नाहीत. रोज येणाऱ्या वकिलाचं नावसुद्धा नाही. ती हातानं टाइप करायची आणि पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. भाचीला आधी हे वेळखाऊ वाटलं. मग मी तिला निकाळ्याची गोष्ट सांगितली.

जून २०१४ मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली, सातव्या आवृत्तीत. अक्षरं, अंक, विरामचिन्हं. आणि त्यात एक चिन्ह केवळ शब्द तोडल्याची खूण म्हणून दिलेलं आहे. ज्यांनी ही यादी केली त्यांनी जुने कागद नीट पाहिले होते. आजोबांच्या मु नंतरच्या त्या खुणेला आता जगभरच्या यंत्रांत एक क्रमांक आहे. हे कळलं त्या संध्याकाळी मी फाँट उतरवून घेतला, दुकान बंद करायच्या वेळी पडद्यावर मोडीत 'सतवास' लिहिलं आणि काचेखालच्या ओळीशी ताडून पाहिलं. छापील अक्षर ताठ होतं, आजोबांचं झुकलेलं. पण वाचता येत होतं.

परवा दुपारी एक मराठी गृहस्थ आले, मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी शपथपत्र हवं होतं. मी जेवत होते. भाचीनं घेतलं. 'शप', स्पेस, 'जिदे', स्पेस, पान झरझर भरत गेलं. नावाशी आली आणि थांबली.

"काका, आडनाव कसं लिहायचं? ल का ळ?"

ते म्हणाले, "आता काय, सगळीकडे ल च आहे. चालतं."

"घरी काय म्हणता?"

"घरी काय, काळेच."

तिनं त्यांची मतदार ओळखपत्राची प्रत पाहिली, मुलीचा शाळेचा दाखला पाहिला, दोन्हीकडे 'काले'. मग त्यांना समजावलं की कागद जुळायला हवेत म्हणून वर तेच ठेवावं लागेल, पण 'उर्फ' करून खरं आडनावही लिहिता येईल, आणि पुढे नाव दुरुस्त करायचं झालं तर हा कागद उपयोगी पडेल. त्यांनी मान हलवली. तिनं डाव्या हातानं शिफ्ट धरली आणि ळ दाबला. मग खुर्ची थोडी सरकवून पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, "वाचा बरं मोठ्यानं."